मॅग ड्रॉप, टायमिंग आणि सिलिंडरचा बॅलन्स: लायकॉमिंगवर हात बसलेल्यांनी सांगावं

रानपाखरू

नमस्कार मंडळी. विमान देखभालीचा अभ्यासक्रम संपवून सध्या खानदेशातल्या एका हँगरमध्ये उमेदवारी करते आहे, बी१.२ परवान्याची तयारी चालू आहे. म्हणजे पिस्टन इंजिनाची विमानं. एका गोष्टीवर हँगरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

विमान सेसना १७२एस, इंजिन लायकॉमिंग आयओ-३६०-एल२ए, दोन स्लिक मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रं, प्रत्येक सिलिंडरच्या दोन प्लगांपैकी एकेकासाठी एक). १८०० आरपीएमवर रन-अप (उड्डाणाआधीची इंजिन-चाचणी) केला आणि एकाच मॅग्नेटोवर इंजिन चालवलं की डाव्यावर आरपीएममध्ये ६०चा ड्रॉप (घट) आणि उजव्यावर १४०चा. पुस्तकात कमाल ड्रॉप १५० आणि दोघांतला फरक जास्तीत जास्त ५०. म्हणजे ड्रॉप बसतो, फरक बसत नाही. उजव्यावर टाकलं की इंजिन किंचित थरथरतं, पॅनेलवर हात ठेवला तर कळतं.

टायमिंग बॉक्स लावून पाहिला. दोन्ही मॅग्नेटोंचे पॉइंट (ते उघडले की ठिणगी पडते) २५ अंशांवर, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या २५ अंश आधी, एकाच वेळी उघडतात. तरी आमच्यातले एक अनुभवी म्हणतात, "उजवा दीड-दोन अंश पुढे घे, फरक ५०च्या आत येतो, विमान सोडून दे." दुसरे म्हणतात हात लावू नकोस. कोणाचं ऐकू?

दुसरा प्रश्न. स्क्रीनवरच्या लीन (मिश्रणातलं पेट्रोल कमी करण्याच्या) पानावर चारही सिलिंडरचं ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) दिसतं आणि ते कधीच सारखं नसतं. सिलिंडर बॅलन्स करायचा म्हणजे हे चार आकडे एका रेषेत आणायचे का?

लॉगबुक

दुसऱ्यांचं ऐक. पुढे घेऊ नकोस.

मी जुहूला पिस्टन इंजिनांवर आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. "थोडं पुढे घे" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी ड्रॉप का येतो ते बघ. या इंजिनाचा बोअर ५.१२५ इंच, म्हणजे १३० मिलिमीटर. मोटारीच्या इंजिनापेक्षा कितीतरी रुंद. एवढ्या रुंद चेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी आग लागली तर ज्वाला मध्ये लवकर भेटतात. एक मॅग्नेटो बंद केला की एकाच टोकाकडून जळत जायचं, वेळ जास्त लागतो, दाबाचा कळस उशिरा येतो आणि आरपीएम पडतात. म्हणजे ड्रॉप यायलाच हवा. अजिबात आला नाही तर उलट जास्त घाबरायचं, त्यावर खाली लिहितो.

आता उजवा पुढे घेतला तर काय होईल? एकट्या उजव्यावर इंजिन चालताना स्पार्क लवकर पडणार, दाबाचा कळस थोडा लवकर येणार, ड्रॉप कमी दिसणार. आकडा सुधारला. पण जे मूळ दुखणं आहे ते तसंच आत राहिलं, आणि वर दोन्ही मॅग्नेटो चालू असताना चारही सिलिंडरांत एक प्लग २७ अंशांवर उडतोय. सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) वाढणार, डेटोनेशनपासूनचं (मिश्रण एकदम भडकण्यापासूनचं) अंतर कमी होणार. तुमच्याकडे मे महिन्यात धावपट्टीवर काय तापमान असतं ते मी तुला सांगायला नको. त्या उन्हात पूर्ण थ्रॉटलवर चढताना हे दोन अंश महाग पडतात.

टायमिंग किती ठेवायचं हे इंजिनाच्या डेटा प्लेटवर कोरलेलं असतं. त्याच ३६० घराण्यातल्या २०० अश्वशक्तीच्या काही इंजिनांना २५, तर काहींना २० अंश आहे. ओ-२३५-एल२सी, जे सेसना १५२ला असतं, त्याला २०. म्हणून पाठ केलेल्या आकड्यावर जायचं नाही, प्लेट पुसून वाचायची. तुझं २५ आहे आणि दोन्ही २५वर आहेत. म्हणजे टायमिंग निर्दोष सुटलं. आता प्लग, हार्नेस (प्लगच्या तारा) आणि मॅग्नेटोच्या आतलं.

एक काम कर. स्क्रीनवर ईजीटी दिसतंच आहे, तर उजव्या मॅग्नेटोवर टाकून जरा थांब, घाई करू नकोस, आणि चार आकडे कुठे जातात ते लिहून इथे टाक.

अजाणता

खुर्ची सरकवून बसलोय. विमानाला दोन-दोन प्लग असतात हेच आज कळलं.

बुलेटवाला कोल्हापूर

मी विमानवाला न्हाई, पण पॉइंटच्या बुलेटी लई केल्यात. पॉइंटात सिगारेटचा कागद धरायचा, पिस्टन वर यायच्या आधी ०.८ मिलिमीटरवर कागद सुटला की टायमिंग बसलं. पण आमच्या गाडीला आटो ॲडव्हान्स असतंय, रेस वाढली की टायमिंग आपोआप पुढं जातंय. विमानाला तसं नसतंय का? मग २५ अंशाला चालू कसं करता? किक उलटी मारंल की!

लॉगबुक

कोल्हापूरकर, अगदी मुद्द्याचा प्रश्न.

या मॅग्नेटोंना ॲडव्हान्स नसतो. टायमिंग कायमचं एका जागी. चालतं कारण हे इंजिन २७०० आरपीएमच्या वर जातच नाही आणि हवेत बहुतेक वेळ २२००च्या वरच असतं. पट्टा अरुंद, म्हणून एक आकडा पुरतो.

चालू करताना मात्र तुम्ही म्हणता तोच धोका. त्यासाठी इम्पल्स कपलिंग. त्यात एक स्प्रिंग आणि दोन फ्लायवेट असतात. इंजिन हळू फिरतं तेव्हा फ्लायवेट एका खुंटीला अडकतात, मॅग्नेटोचा रोटर थांबून राहतो, स्प्रिंग पिळली जाते, आणि पिस्टन वर पोचायच्या सुमारास ती सुटून रोटरला झटका देते. त्या झटक्यामुळे स्पार्क उशिरा पडतो आणि जोरदारही पडतो. प्रॉपेलर हाताने फिरवताना जो 'टक्' आवाज येतो तो हाच. इंजिनाने वेग घेतला की फ्लायवेट बाहेर फेकले जातात आणि कपलिंग गप्प.

आता ड्रॉप अजिबात न येण्याबद्दल. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची प्रायमरी (आतली पहिली गुंडाळी) एका तारेने 'जमिनीला', म्हणजे इंजिनाच्या धातूच्या अंगाला, जोडायची. ती पी-लीड तुटली तर चावी बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. रन-अपला त्या बाजूचा ड्रॉप शून्य दिसतो. आणि मग कोणीतरी हँगरात विमान ढकलताना प्रॉपेलरला हात लावतो, टक् होतं, आत थोडी वाफ शिल्लक असते... यात माणसं गेली आहेत. प्रॉपेलर नेहमी जिवंत आहे असं समजूनच हात लावायचा. हे प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी सांगत असे.

बुलेटवाला कोल्हापूर

आता डोक्यात शिरलं. टक् करणाऱ्या स्प्रिंगला सलाम.

उड्डाणताई

मी प्रशिक्षक, नागपूर. लॉगबुक काकांचं टायमिंगबद्दल पटलं, पण ५०च्या फरकावर सगळा निवाडा करणं मला थोडं जास्त वाटतं. जमिनीवर १८०० आरपीएमला, मिक्श्चर पूर्ण रिच (पेट्रोल भरपूर) असताना मॅग चेक म्हणजे सोपी परीक्षा. रिच मिश्रण कुठलाही मरतुकडा प्लग पेटवतो. खरी परीक्षा क्रूझमध्ये, मिक्श्चर लीन करून, प्रत्येक मॅग्नेटोवर थोडा वेळ थांबून होते. लीन मिश्रण पेटवायला कठीण, त्यामुळे दुबळा स्पार्क तिथे लगेच उघडा पडतो.

लॉगबुक

ताई, हवेतल्या चेकची किंमत मला मान्य आहे, दोषाचा माग काढायला त्याहून चांगलं काही नाही. पण शिकाऊ वैमानिकाच्या हातात ते देऊ नका. चावी घाईत एक घर जास्त फिरली आणि ऑफवर गेली तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये साचतं. घाबरून लगेच परत चावी फिरवली की मफलरमध्ये धडाका. मफलर फुटला तर कॅबिनच्या हीटरमधून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. ऑफवर गेलीच तर आधी थ्रॉटल मागे, मग मॅग्नेटो चालू.

आणि ५०चा आकडा हा विमानाच्या पुस्तकातला आहे. तो पटो न पटो, सही करणाऱ्याला त्यातून सुटका नाही.

उड्डाणताई

शिकाऊ मुलांना देतच नाही, मी स्वतः करते. सहीचं म्हणाल तर मान्य.

ओहायोकर

मूळचा साताऱ्याचा, आता अमेरिकेत. घरी बांधलेलं दोन सीटांचं आरव्ही उडवतो, इंजिन आयओ-३६०. रानपाखरू ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

चार ईजीटी एका रेषेत आणायच्या नादी लागू नका. ईजीटीचा प्रोब एक्झॉस्ट पाइपात एक इंच वर-खाली बसला तरी आकडा बदलतो. एका सिलिंडरला १३८० आणि दुसऱ्याला १४३० फॅरनहाइट दिसलं तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. बघायचं ते हे: मिक्श्चर हळूहळू लीन करत गेलं की प्रत्येक सिलिंडरचं ईजीटी आधी चढतं, मग शिखर गाठून उतरतं. पहिला सिलिंडर शिखरावर पोचला तेव्हा फ्युएल फ्लो किती होता आणि शेवटचा पोचला तेव्हा किती, हा फरक खरा बॅलन्स सांगतो. ओक्लाहोमातल्या गॅमी नावाच्या कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला, म्हणून त्याला गॅमी स्प्रेड म्हणतात. तासाला अर्धा गॅलन किंवा कमी असेल तर इंजिन छान.

माझा एक गॅलनच्या वर होता. दोन नंबरचा सिलिंडर सगळ्यांच्या आधी लीन व्हायचा. म्हणजे तीन सिलिंडर मजेत आणि चौथा उपाशी, आणि लीन करताना जो खडखडाट यायचा तो त्या एकट्याचा. नॉझलचं (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीचं) रेस्ट्रिक्टर, म्हणजे बारीक भोक, अगदी केसभर मोठं लावलं, पुन्हा उडवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा बदललं. आता स्प्रेड पाव गॅलनच्या आसपास आहे आणि लीन-ऑफ-पीकवर (ईजीटीच्या शिखराच्याही पुढे लीन करून) इंजिन लोण्यासारखं चालतं.

अर्थात माझं विमान एक्सपेरिमेंटल आहे, मला हे करायची मुभा आहे. तुम्ही प्रमाणित विमानावर स्वतःच्या मनाने नॉझलचं माप बदलू नका. स्वच्छ करणं आणि तपासणं मात्र तुमच्या हातात आहे.

हवाहवाई

बॅलन्स म्हणजे प्रॉपेलरचा ना? आमच्याकडे एक यंत्र आणतात, क्रॅंककेसवर सेन्सर चिकटवतात आणि स्पिनरच्या मागच्या प्लेटला वजनं लावतात.

लॉगबुक

ते डायनॅमिक प्रॉप बॅलन्सिंग. कंपन इंच प्रति सेकंदात मोजतात, ०.०७च्या खाली आलं की उत्तम. पण त्याचा सिलिंडरांशी संबंध नाही. एखादा सिलिंडर कमी काम करत असताना प्रॉप बॅलन्स करायला बसलात तर यंत्र तुम्हाला वजनं लावायला सांगेल आणि थरथर जाणार नाही. आधी प्लग, कॉम्प्रेशन, इंधन. प्रॉपेलर सगळ्यात शेवटी.

मायक्रोलाईट पुणे

रोटॅक्सवाल्यांच्या वतीने हजेरी लावतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये पिपिस्ट्रेल व्हायरस आली, तिच्यात ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ आहे. इथे 'सिलिंडर बॅलन्स' म्हटलं की पहिल्यांदा कार्बोरेटरच डोळ्यांसमोर येतात.

टायमिंगला आम्ही हातच लावत नाही, लावायला काही नाहीच. दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चालू होताना ४ अंश, १००० आरपीएमच्या वर २६ अंश, संपलं. चेक ४००० आरपीएमला. ड्रॉप ३००पर्यंत चालतो आणि दोघांतला फरक ११५. लायकॉमिंगवाल्यांना हे आकडे ऐकून चक्कर येईल, पण आमचं इंजिन ५८००पर्यंत फिरतं आणि प्रॉपेलर गिअरबॉक्समागे आहे, तेव्हा हिशेब वेगळा.

पण कार्बोरेटर दोन, प्रत्येकावर दोन सिलिंडर. केबलची लांबी जराशी जरी इकडे-तिकडे झाली तरी एक बाजू जास्त ओढते, दुसरी कमी. मधली बॅलन्स ट्यूब काढायची, दोन्ही मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावायचे. आधी कार्बोरेटरचे लिव्हर एकाच वेळी थांब्याला टेकतात का ते डोळ्यांनी आणि बोटाने बघायचं, मग इंजिन गरम करून आयडलला काटे जुळवायचे, मग रेस वाढवून केबलच्या नटाने जुळवायचे. दोन काटे एकत्र आले की त्या क्षणी बसण्याची जागाच शांत होते. मला देखभालीतलं हे सगळ्यात आवडतं काम. न जुळवता उडवत राहिलात तर त्या हादऱ्यांनी गिअरबॉक्स आणि कार्बोरेटरचे रबरी सॉकेट खलास.

सोनचाफा

हा धागा वाचून नवऱ्याने स्कूटरचा प्लग काढून साफ केला. आता तो परत बसत नाहीये. घरात पाने पसरलेत, मुलांची शाळेची वेळ झाली आहे. कोणीतरी सांगा.

बुलेटवाला कोल्हापूर

वहिनी, पाना बाजूला ठिवायला सांगा. प्लग बोटानं धरून आधी उलटा थोडा फिरवायचा, आटा बसल्याचं जाणवतंय, मग सुलटा. दोन-तीन आटे हातानंच गेले पाहिजेत. पान्यानं जोर लावला तर हेडचे आटे जातील आणि खर्च हजारात.

सोनचाफा

बसला! धन्यवाद दादा. रिक्षाने पाठवलं मुलांना.

रानपाखरू

बातमी घेऊन आले.

लॉगबुक काकांनी सांगितल्याप्रमाणे उजव्या मॅग्नेटोवर टाकून थांबलो. एक, दोन आणि चार नंबरचं ईजीटी चढलं. तीन नंबरचं सरळ खाली कोसळलं. डाव्यावर टाकलं तर चारही चढले.

लॉगबुक

झालं, सापडला. एका मॅग्नेटोवर ईजीटी चढणं हे निरोगी लक्षण, कारण जळण लांबतं आणि एक्झॉस्ट उघडतो तेव्हा वायू जास्त गरम असतात. ज्याचं कोसळलं तो सिलिंडर त्या मॅग्नेटोवर पेटतच नाही.

आता कुठला प्लग ते न उघडता सांगतो. या विमानात उजवा मॅग्नेटो उजवीकडच्या सिलिंडरांचे खालचे आणि डावीकडच्यांचे वरचे प्लग उडवतो. लायकॉमिंगमध्ये एक नंबर पुढचा उजवा, तीन नंबर मागचा उजवा. (कॉन्टिनेंटलवर गेलीस तर लक्षात ठेव, तिथे क्रमांक मागून सुरू होतात.) म्हणजे तुझा रुग्ण तीन नंबरचा खालचा प्लग किंवा त्याची तार. खालचे प्लगच जास्त मरतात, तेल आणि शिसं खाली साचतं.

काढ. गॅपमध्ये शिशाचे मणी आहेत का बघ. साफ करून झाल्यावर मीटरने आतला रेझिस्टर मोज, ५००० ओमच्या वर गेला असेल तर प्लग दिसायला कितीही नवा असला तरी टाकून दे. हा रेझिस्टर कोणी मोजत नाही आणि निम्मी दुखणी तिथेच असतात. गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. नवा तांब्याचा वायसर. टॉर्क ३५ फूट-पाउंड. आणि त्याच्याच जागी वरचा प्लग टाकून बघ, दोष प्लगबरोबर हलला तर प्लग, तिथेच राहिला तर हार्नेस.

उड्डाणताई

शिशाच्या मण्यांचं श्रेय आम्हा उडवणाऱ्यांनाही जातं. १००एलएलमध्ये (या विमानांच्या पेट्रोलमध्ये) शिसं असतं, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. ते बाहेर काढायला इंधनात ब्रोमाइड मिसळलेलं असतं, पण प्लगचं टोक चांगलं तापलं तरच ते काम करतं. आपले विद्यार्थी टॅक्सीवेवर रांगेत पूर्ण रिच ठेवून ८०० आरपीएमला बसून राहतात. मग मणी होणारच. मी माझ्या मुलांना जमिनीवर कडक लीन करायला लावते, इतकं की थ्रॉटल ढकलला तर इंजिन अडखळावं. म्हणजे विसरून टेकऑफला जाताच येत नाही.

अजाणता

हे विमानाचं पेट्रोल आपल्याकडे बनतं का?

हवाहवाई

पूर्वी सगळं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत १००एलएल करायला घेतलं, २०२२च्या सप्टेंबरमध्ये ते बाजारात आलं. पुढच्या जानेवारीत न्हावा-शेवाहून पापुआ न्यू गिनीला पहिली निर्यातही झाली. आपल्या उरणच्या बंदरातून पिंपं गेली याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

ओहायोकर

आणि बिनशिशाचं १०० ऑक्टेन आणायची इथे धडपड चालू आहे. गॅमीच्याच जी१००यूएलला २०२२मध्ये एफएएची (इथल्या विमान प्राधिकरणाची) मंजुरी मिळाली, पण पंपावर मिळणं आणि रंग-सील-टाक्यांशी जुळणं यावर अजून वाद आहेत. विषय मोठा आहे, वेगळा धागा काढू.

जाता जाता, मी एका बाजूचा मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलंय. मॅनिफोल्ड प्रेशर (इनटेक पाइपातला हवेचा दाब) कमी झालं की ते टायमिंग पुढे नेतं, कारण विरळ मिश्रण सावकाश जळतं. वर, पातळ हवेत, खरंच फरक पडतो. मात्र त्या बाजूचा ड्रॉप आणि मॅग्नेटोचा ड्रॉप यांची तुलना करता येत नाही, दोघांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवावे लागतात.

मायक्रोलाईट पुणे

प्रमाणित विमानात हे हवं असेल तर मंजुरीचे कागद आधी, पाना नंतर.

रानपाखरू

तीन नंबरचा खालचा प्लग काढला. गॅपच्या तळाशी राखाडी मणी, दोन मोठे आणि बाकी भुगा. टोकदार हत्याराने काढले, साफ केला, मग मीटर लावला. काटा ५०००च्या खूपच पुढे. काकांनी सांगितलं नसतं तर साफ करून परत बसवला असता, दिसायला एकदम चांगला होता. नवा लावला. उजव्याचा ड्रॉप ९५, डाव्याचा ६०. फरक ३५. थरथर गेली.

उजवा दोन अंश पुढे घ्या म्हणणाऱ्या सरांनी स्वतः मीटर हातात घेऊन बाकीचे सात प्लग मोजले. आणखी एक निघाला.

पण ९५ आणि ६० यात अजूनही फरक आहेच. दोन्ही २५वर असताना का?

लॉगबुक

शाब्बास. सरांनाही माझा नमस्कार सांग.

उरलेल्या फरकाला एक कारण स्वाभाविक आहे, दोन्ही मॅग्नेटो वेगवेगळ्या जागचे प्लग उडवतात, अगदी सारखे कधी येत नाहीत. ३५वर झोप उडवून घेऊ नकोस. पण मॅग्नेटोच्या लॉगमध्ये एक गोष्ट बघ. गेल्या शंभर तासांच्या तपासणीला उजव्याचं टायमिंग किती सापडलं होतं आणि किती करून दिलं?

कारण असं की बाहेरून टायमिंग बॉक्स जे दाखवतो ते फक्त पॉइंट कधी उघडतात एवढंच. आत मॅग्नेटोचा चुंबक नेमक्या जागी असताना, म्हणजे ई-गॅपवर, पॉइंट उघडले तरच स्पार्क भरदार येतो. पॉइंटचा टेकू, जो कॅमवर घासतो, तो झिजला की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे जातं. पॉइंटची टोकं जळून खालावली की लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. दोन्हीत मॅग्नेटो इंजिनावर फिरवून तू २५ परत आणू शकतेस. बॉक्स खूश, पण आतला ई-गॅप हललेलाच. मग स्पार्क दुबळा, चालू व्हायला कुरकुर, वर गेल्यावर मिसिंग. म्हणून दर तपासणीला टायमिंग सरकलेलं सापडत असेल तर बाहेरून ढकलत बसायचं नाही, मॅग्नेटो उतरवून बेंचवर घ्यायचा. ५०० तासांची मॅग्नेटो तपासणी असते ती याचसाठी. तेव्हा डिस्ट्रिब्युटर ब्लॉकवर कार्बनच्या रेषा आहेत का तेही बघ. जुहूच्या पावसाळी खाऱ्या हवेत मला त्या नेहमी भेटत.

रानपाखरू

लॉग बघितला. गेल्या दोन तपासण्यांना उजवा मागे गेलेला सापडला आणि दोन्ही वेळा जुळवून दिलाय. तास ४६०च्या आसपास. उद्या उतरवतोय. परत बसवताना पहिल्यांदाच मी करणार आहे, सर फक्त बघणार. काही टिपा?

लॉगबुक

पुस्तक शेजारी उघडं ठेव, त्यातलं पान हेच खरं. मी फक्त हाताच्या सवयी सांगतो.

वरचे चारही प्लग काढ, म्हणजे प्रॉपेलर हलका फिरेल आणि अंगावर येणार नाही. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेव, फिरव, अंगठा बाहेर ढकलला गेला की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग स्टार्टरच्या रिंग गिअरवरची २५ची खूण, स्टार्टरच्या घरावर दोन वाजताच्या जागी जे बारीक भोक आहे, त्याच्यासमोर आण. खूण ओलांडली गेली तर नुसतं मागे ओढून जुळवू नकोस. गिअरच्या दातांत जी ढिलाई असते ती चुकीच्या बाजूला जाते आणि एखादा अंश तिथेच हरवतो. चांगलं मागे जा आणि चालत्या दिशेने परत ये. इम्पल्स कपलिंगचं टक् होऊन गेलंय याची खात्री कर.

मॅग्नेटोला टायमिंग पिन लावून रोटर जागेवर धरलेला असतो. मॅग्नेटो बसवून नट हाताने लागले की पिन लगेच काढ आणि खिशात ठेव. पिन आत असताना प्रॉपेलर जरासा जरी हलवला तरी आतला प्लास्टिकचा गिअर मोडतो, मॅग्नेटो पुन्हा बेंचवर. पिनीला लांब लाल फीत बांध.

मग बॉक्सच्या दोन तारा दोन मॅग्नेटोंना, काळी जमिनीला, आणि मॅग्नेटोचं अंग रबरी हातोडीने हळूच ठोकत फिरव. दोन्ही दिवे एकत्र पेटले पाहिजेत. नट आवळताना ते हलतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन पुढे येऊन बघ. शेवटी पी-लीड जोड आणि ती खरंच जमिनीला जाते का ते रन-अपनंतर आयडलला चावी क्षणभर ऑफ करून तपास.

ओहायोकर

त्याच बैठकीत नॉझलही बघून घ्या. चारही नॉझल काढून त्यांच्या नळ्यांना लावूनच चार सारख्या बाटल्यांत सोडा, बूस्ट पंप चालू, थ्रॉटल-मिक्श्चर पुढे, आणि पातळी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकात कमी दिसली तर नॉझल द्रावणात भिजवून हवेने फुंका. आत तार घालू नका, भोकाचं माप बिघडतं. बाहेर निळे डाग असतील तर हवेचं बारीक भोक चोंदलंय. एक लक्षात ठेवा, आयडलला वाटप फ्लो डिव्हायडर करतो आणि पॉवरला नॉझल. त्यामुळे फक्त आयडललाच थरथर असेल तर नॉझलला दोष देऊ नका.

मायक्रोलाईट पुणे

फक्त आयडलला असेल तर इनटेक पाइपची गॅस्केटही. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ जास्त, फटीतून हवा शिरते आणि तो सिलिंडर लीन होतो. पूर्ण थ्रॉटलला ओढच नसते, मग दुखणं गायब. हे चारचाकीतही तसंच.

उड्डाणताई

कॉम्प्रेशनही बघा, आता प्लग निघालेच आहेत. ८० पीएसआय देऊन चारही सिलिंडर एकमेकांच्या पाचाच्या आत असले की समाधान. प्रॉपेलर धरायला भक्कम माणूस ठेवा, त्या दाबाने पातं फटकन फिरतं.

रानपाखरू

यादी करून भिंतीवर लावली. कॉम्प्रेशन आजच झालं, इंजिन गरम असतानाच: ७६, ७५, ७४, ७६. बाटल्यांत चारही पातळ्या सारख्या.

मॅग्नेटो उघडला. पॉइंटचा टेकू स्पष्ट झिजलेला, आणि कॅमचं तेलाचं फेल्ट कोरडं ठणठणीत. नवा संच मागवलाय, सोमवारी येईल. विमान तोपर्यंत जमिनीवर, उड्डाणांच्या वेळापत्रकावरून थोडी कुरबूर झाली, पण सरांनीच ती परतवली.

लॉगबुक

फेल्ट कोरडं, म्हणून टेकू झिजला, म्हणून टायमिंग मागे. साखळी पूर्ण लागली. डाव्याचंही फेल्ट बघ, दोन्ही एकाच दिवशी लागले असतील तर त्याची गत वेगळी नसणार. आणि नवा संच बसवल्यावर चारही ईजीटी दोन्ही मॅग्नेटोंवर लिहून लॉगला जोड, पुढच्या माणसाला तुलना करायला काहीतरी हवं.

बुलेटवाला कोल्हापूर

ताई, सोमवारी टायमिंग बसलं की इथं लिवा. आमच्या गॅरेजमधली पोरं पण वाट बघत्यात.